जनुकीय सुधारित पिकांवरील संसदीय देखरेख

जनुकीय सुधारित (जीएम) पिकांना परवानगी देण्याच्या शासकीय प्रक्रियेची संसदेच्या स्थायी समित्यांनी केलेली छाननी म्हणजे या पिकांवरील संसदीय देखरेख होय. हिंगोलीसारख्या कापूस पिकविणाऱ्या कोरडवाहू जिल्ह्यांशी तिचा निकटचा संबंध आहे.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केलेल्या १९८९ च्या नियमांनुसार या पिकांची तपासणी पर्यावरण मंत्रालयाची जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समिती (जीईएसी) करते. वाणाला मंजुरी देताना संसदेचे मत घ्यावे लागत नाही. संसदेकडे उरते ती विचारणा. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. बीटी वांग्याला मात्र २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली.

कृषी समितीचा अहवाल

बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील कृषी विषयक स्थायी समितीने मार्च २०१२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव व भांबराजा या गावांना भेट दिली. या जिल्ह्यातील उमरखेड विधानसभा मतदारसंघ हिंगोली लोकसभा मतदारसंघात मोडतो. बीटी कापसाच्या यशाचे उदाहरण म्हणून भांबराजाची वृत्तपत्रातून प्रसिद्धी झाली होती. ग्रामस्थांनी समितीपुढे कर्ज, वाढता खर्च आणि आत्महत्यांचे चित्र मांडले. ९ ऑगस्ट २०१२ रोजी सादर झालेल्या ३७ व्या अहवालात समितीने शेतातील चाचण्या थांबवाव्यात आणि बीटी वांग्याच्या मंजुरीची सखोल चौकशी व्हावी, अशी शिफारस केली. सत्ताधारी पक्षाचे खासदारही या समितीत होते, हे लक्षणीय आहे.

पुढे पर्यावरणविषयक स्थायी समितीने रेणुका चौधरी यांच्या अध्यक्षतेखाली ऑगस्ट २०१७ मध्ये ३०१ वा अहवाल दिला. जैवसुरक्षा व सामाजिक-आर्थिक परिणामांचे पारदर्शक मूल्यमापन झाल्याशिवाय कोणतेही जीएम पीक आणू नये, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात बीटी कापसावर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला.

मर्यादा व मतभेद

समित्यांच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात. मंत्रालयाने केलेल्या कार्यवाहीचा अहवाल देणे एवढेच अपेक्षित असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये डीएमएच-११ या जीएम मोहरीच्या पर्यावरणीय प्रसाराला मान्यता देण्यात आली. शेतकऱ्यांमध्येही या प्रश्नावर एकमत नाही. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे विनापरवाना तणनाशक-सहनशील (एचटीबीटी) कापसाची जाहीर पेरणी केली. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही त्यांची मागणी होती.

२३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मोहरीच्या मंजुरीबाबत परस्परविरोधी निकाल दिले. जीएम पिकांविषयी केंद्राने राष्ट्रीय धोरण आखावे, यावर मात्र दोघांचे एकमत झाले.