शंभर पक्षी, शंभर पण आणि सोलापुरात छापलेलं एक पुस्तक

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, शेंगाचटणी आठवते, गड्ड्याची जत्रा आठवते. गणिताचं पुस्तक कुणालाच आठवत नाही. आणि तरी संस्कृतातल्या एका फार महत्त्वाच्या गणितग्रंथाची हिंदी आवृत्ती आमच्या गावातून निघाली आहे. १९६३ साली. महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह'.

ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरचे गृहस्थ. त्यांनी १९४० च्या दशकात जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन केला आणि आपली संपत्ती जुने ग्रंथ छापायला देऊन टाकली. त्यांच्या नावाची जीवराज जैन ग्रंथमाला. कोल्हापूरचे आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन हे तिचे संपादक, म्हणजे विद्वत्तेच्या बाजूने चिंता नको. गणितसारसंग्रहाचा हिंदी अनुवाद लक्ष्मीचंद्र जैन यांनी केला. त्याआधी १९१२ साली मद्रासहून रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह हा ग्रंथ काढला होता. पण घरात बसून वाचता येईल अशा भाषेत तो आणला तो सोलापूरने.

महावीराचार्यही तसे परके नाहीत. नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड. सोलापूरहून रेल्वेने गुलबर्गा शंभर-सव्वाशे किलोमीटर, तिथून पुढे चाळीसेक किलोमीटर. आमच्याकडे लग्नाच्या वर्‍हाडाला याहून लांब जातात :)

आता हे सगळं आज का आठवलं? तर आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर काकांनी एक निरोप पुढे ढकलला. आधुनिक बीजगणित सगळं महावीराचार्यांनी हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, असा काहीसा. भाचा गणितात पीएचडी करतो, विषय सेमीग्रुप रिंग. मराठी परिभाषेत अर्धगट आणि वलय म्हणता येईल, पण ते ऐकून कुणाला काही बोध होईल असं वाटत नाही. त्याने खाली एकच शब्द लिहिला, "नाही." मग काका चिडले. पुढे दोन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा आलं नाही.

मला वाटलं, भांडण्यापेक्षा एक उदाहरण घेऊन बसावं. गणितसारसंग्रहातलं पक्ष्यांचं उदाहरण घेतलं. ३ पणांना ५ कबुतरं मिळतात, ५ पणांना ७ सारस, ७ पणांना ९ हंस आणि ९ पणांना ३ मोर. राजपुत्राच्या करमणुकीसाठी १०० पणांत बरोबर १०० पक्षी आणायचे. (हे कोडं श्रीधराचार्यांच्या पाटीगणितातही आहे, भास्कराचार्यांच्या बीजगणितातही. त्यामुळे 'पहिलं कुणाचं' या वादात मी पडत नाही.)

मंडईत जसा वाटा घेतो तसे हे वाटे समजा. कबुतरांचा वाटा ५ पक्ष्यांचा, सारसांचा ७ चा, हंसांचा ९ चा. मोर मात्र ३ पणांना एक, सुटा. वाटा फोडून मिळत नाही आणि दिलेला परत घेत नाहीत. फक्त बेरीज करता येते, वजाबाकी नाही. झालं, हाच सेमीग्रुप! गणितात वजाबाकीची सोय असलेल्या रचनेला ग्रुप म्हणतात, ती काढून घेतली की उरतो तो सेमीग्रुप. या बाजारातला प्रत्येक सौदा म्हणजे पक्षी आणि पण अशी आकड्यांची एक जोडी.

कोड्याचं उत्तर काढायला बसलो तर एक नाही, चारही जातींचा निदान एक पक्षी हवा म्हटलं तर चांगली १६ उत्तरं निघाली. कोड्याला एक उत्तर दिलं की कोडं संपतं. भाच्याचा विषय सुरू होतो तो यानंतर: एकाच सौद्याला इतकी उत्तरं का?

कारण असं की वाट्यांची अदलाबदल होते. सारसांचे दोन वाटे घ्या: १४ पक्षी, १० पण. आता कबुतरांचा एक आणि हंसांचा एक घ्या: ५ आणि ९ मिळून १४ पक्षी, ३ आणि ७ मिळून १० पण. तोच सौदा! वाट्यांना क, स, ह, म अशी अक्षरं देऊन, बरोबर घेणं म्हणजे गुणाकार असं मानलं, की हा नियम होतो 'कह बरोबर सस'. अक्षरांची बेरीज-वजाबाकीही करू द्यायची, हे नियम पाळायचे, आणि जे बीजगणित तयार होतं ती सेमीग्रुप रिंग.

आणखी किती नियम आहेत? मी पाठकोर्‍या कागदांवर दोन संध्याकाळ घालवल्या. कबुतरांचे तीन वाटे आणि एक मोर म्हणजे सारसांचा एक आणि हंसांचा एक वाटा (१६ पक्षी, १२ पण). कबुतरांचे दोन, सारसांचा एक आणि एक मोर म्हणजे हंसांचे दोन (१८ पक्षी, १४ पण). बस्स, हे तीनच. बाकी सगळ्या अदलाबदली यातूनच निघतात.

इथे भाचा म्हणाला, "मामा, आता या नियमांमध्ये आपसात काय नातं आहे ते बघा." प्रत्येक नियम 'डावी बाजू वजा उजवी बाजू' असा लिहायचा. पहिल्याला हंसाने गुणा, तिसर्‍याला कबुतराने, दोन्हींची बेरीज करा आणि त्यातून सारसाने गुणलेला दुसरा वजा करा. सगळं एकमेकांत कापलं जाऊन शून्य! अशी नाती दोन आहेत, आणि त्या दोघांत पुन्हा काही नातं नाही. साखळी तीन, दोन, आणि थांबली. अशी साखळी अक्षरांच्या संख्येहून लांब जात नाही हे डेव्हिड हिल्बर्टने १८९० साली सिद्ध केलं. 'होमॉलॉजी' या भारदस्त नावाखाली बीजगणितात जे चालतं त्याचा बराचसा भाग म्हणजे ही साखळी मोजणं, असं मी आपल्यापुरतं समजून घेतलंय.

समजा बाजारात फक्त कबुतरं आणि मोर असते. मग कुठलीच अदलाबदल नाही, प्रत्येक सौदा एकाच प्रकारे होणार. अशा रिंगला रेग्युलर म्हणतात. गेल्या शतकात १९५० च्या दशकात सेर, ऑस्लँडर आणि बुक्सबाउम यांनी दाखवलं की रेग्युलर असणं आणि रिंगच्या आत राहून मांडलेली प्रत्येक साखळी कुठेतरी थांबणं, या दोन्ही गोष्टी एकच. आपला चार पक्ष्यांचा बाजार रेग्युलर नाही. बाहेरून, चार मोकळ्या अक्षरांच्या राज्यातून पाहिलं तर साखळी दोन पायर्‍यांत संपते, पण बाजाराच्या आत उभं राहून मांडली तर अगदी साधी साखळीसुद्धा कधीच संपत नाही.

तरीही हा बाजार अगदीच बेशिस्त नाही. रेग्युलरच्या खालची एक पायरी आहे, तिला कोहेन-मकॉले म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर: कुठलाही होऊ शकणारा सौदा घ्या, तो फक्त कबुतरं आणि मोर घेऊन, वर फार तर सारसांचा एक किंवा हंसांचा एक वाटा टाकून पुरा करता येतो, आणि तेही एकाच प्रकारे. शंभराला शंभर घ्या ना. कबुतरांचे १५ वाटे म्हणजे ७५ पक्षी, ४५ पण. हंसांचा एक वाटा, ९ पक्षी, ७ पण. मोर १६, पण ४८. बेरीज करून बघा. मला तरी ते जुळलं तेव्हा रात्री साडेअकराला एकट्यालाच हसू आलं.

एक गंमत आणखी. कबुतरांचा, सारसांचा आणि हंसांचा वाटा यांत दर वेळी २ पक्षी आणि २ पण एवढाच फरक आहे. (आकडे मुद्दाम असे निवडले असावेत असं मला वाटतं, शिक्षकाची नजर दिसते त्यात.) पण '२ पणांना २ पक्षी' हा सौदा मात्र होत नाही. ४ ला ४ सुद्धा नाही. ६ ला ६ होतो: कबुतरांचा एक वाटा आणि एक मोर. म्हणजे बाजारात भोकं आहेत. १९७२ साली मेल्विन हॉक्स्टर यांनी सिद्ध केलं की अशी भोकं नसतील तर रिंग कोहेन-मकॉले असतेच. इथे भोकं आहेत, म्हणून ते प्रमेय उपयोगी नाही, आणि तरी शिस्त आहे.

तर काकांचं बरोबर की भाच्याचं? मला वाटतं, महावीराचार्यांकडे बाजार होता, दर होते, उत्तर काढायची पक्की रीत होती. मात्र या कोड्यात ते उत्तर मागतात, उत्तरांमधली नाती विचारत नाहीत. तो प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारायला हजार वर्षं लागली. हे म्हटल्याने महावीराचार्य लहान होत नाहीत. उलट 'सगळं आधीच होतं' म्हटलं की पुस्तक उघडायची गरजच उरत नाही.

श्रीराम अभ्यंकरांचं मला यासाठी कौतुक वाटतं. जन्म १९३० चा, उज्जैनचा. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक, त्यांच्याकडून लीलावतीचे संस्कार झालेले. पुढे हार्वर्डला झारिस्कींकडे पीएचडी, मग पर्ड्यू विद्यापीठ. १९७५ साली मोह यांच्याबरोबर त्यांनी प्रतलातल्या रेषेबद्दलचं प्रसिद्ध प्रमेय दिलं, त्यात वक्रातून निघणार्‍या आकड्यांचा सेमीग्रुपच कामाला येतो. शाळेतल्या बीजगणितात अजून खूप दम आहे असं ते आग्रहाने सांगत. १९७६ साली पुण्यात संस्था काढली तिला नाव दिलं भास्कराचार्य प्रतिष्ठान. नाव जुन्यांचं आणि प्रमेयं नवीन, स्वतःची. २०१२ साली ते गेले.

असो. हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं, पक्ष्यांसकट. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, पण सारस विकणं बंदच केलं तर?" मी तिथल्या तिथे हिशोब केला. तीनाऐवजी एकच नियम उरतो: हंसांचे तीन वाटे म्हणजे कबुतरांचे पाच आणि दोन मोर, २७ पक्षी, २१ पण. काकांनी तो लिहून घेतला, स्वतः ताडून पाहिला. आता ते मोर बंद करून बघतायत.