यंत्राची झोंपमोड

लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरली कीं दोष आपण बॅटरीलाच देतों. लिनक्सच्या इतिहासांत मात्र एक अपराधी निराळाच सांपडला. काम नसतांहि कर्नलचा ठोका प्रोसेसरला सेकंदास शेंकडों वेळां, कधीं १००० वेळां, जागें करी. मग त्या बिचाऱ्यास गाढ झोंप लागावी कशी? एप्रिल २००७ मधील २.६.२१ या आवृत्तीनें रिकाम्या वेळचे हे ठोके प्रथम ३२ बिटी यंत्रांवर थांबविले. ६४ बिटींची पाळी १९ नव्हे, नऊ महिन्यांनीं, जानेवारी २००८ मध्यें आली. तेव्हां इतर उपद्रवी उघडे पडले. २००७ मध्येंच इंटेलनें ‘पॉवरटॉप’ काढलें. कोणता प्रोग्राम किती वेळां झोंपमोड करतो, हें तें दाखवितें. मी नवी बॅटरी घ्यावयास निघालों होतों. तें चालविलें, तों उघडा राहिलेला ब्राउझरच चोर निघाला. बॅटरी अजून जुनीच आहे.