जॅग्वार एक्सकेएसएस : आगीने दुर्मीळ केलेली स्पोर्ट्स कार

ब्रिटनमधील कोव्हेंट्री येथे १९५७ साली तयार झालेली जॅग्वार एक्सकेएसएस ही जगातील अत्यंत दुर्मीळ स्पोर्ट्स कारपैकी एक मानली जाते. तिच्या २५ गाड्या बनविण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात १६ गाड्याच पूर्ण झाल्या.

या गाडीचा उगम जॅग्वारच्या डी-टाइप या शर्यतीच्या मोटारीत आहे. विमान उद्योगातून आलेले माल्कम सेअर यांनी डी-टाइपला वायुगतिकीस अनुकूल असा निमुळता आकार दिला. मध्यभागी विमानाप्रमाणे अॅल्युमिनियमचे कवच, ३.४ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि डिस्क ब्रेक ही तिची वैशिष्ट्ये होती. फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांची शर्यत तिने १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षे जिंकली.

कंपनीने १९५६च्या हंगामानंतर शर्यतींतून माघार घेतली, तेव्हा काही डी-टाइप विक्रीविना शिल्लक होत्या. त्यांना रस्त्यावर धावण्याजोगे रूप देण्याचे ठरले. चालकामागील उभा पंख काढण्यात आला, दोन आसनांमधील आडोसा हटविला गेला. सहप्रवाशासाठी दरवाजा, पूर्ण रुंदीची समोरची काच आणि घडीचे छत बसविण्यात आले. अमेरिकी ग्राहक डोळ्यांसमोर होता आणि बहुतेक गाड्या तिकडेच गेल्या.

१२ फेब्रुवारी १९५७ रोजी ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली. तीत नऊ गाड्या भस्मसात झाल्या आणि उत्पादन थांबले. हॉलिवूड अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी यातील एक गाडी घेतली, विकली आणि पुढे पुन्हा विकत घेतली. शर्यतीच्या गाडीचा वेग व रांगडेपणा फारसा न झाकता ती रस्त्यावर उतरली, यातच तिचे आकर्षण आहे.

जॅग्वारची मालकी २००८मध्ये टाटा मोटर्सकडे आली. जळालेल्या नऊ गाड्यांची भरपाई म्हणून तितक्याच गाड्या जुन्या पद्धतीने हाताने घडविण्याची घोषणा कंपनीने २०१६मध्ये केली. प्रत्येकीची किंमत दहा लाख पौंडांहून अधिक होती. त्यामुळे २५चा मूळ आकडा पूर्ण झाला. मात्र नव्या गाड्यांचे साहित्य व कारागिरी कितीही अचूक असली, तरी १९५७पासूनचा प्रवास त्यांच्यापाशी नाही. मूळ १६ गाड्यांचे स्थान म्हणूनच वेगळे राहते.