तळटीप : तुमसर 1942, जबलपूर 1946

ऑगस्ट 1942 मध्ये, ‘छोडो भारत’ आंदोलनात, भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तेव्हा सरकारला आपल्या हाताखालच्या बंदुकांचा भरवसा होता. तो महायुद्धानेच घालवला. सुमारे 2 लाखांचे हिंदी सैन्य 25 लाखांवर गेले, आणि पगारातला गोरा-काळा भेद शिपायाला सलू लागला. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईच्या नाविकांपाठोपाठ जबलपुरात (भंडाऱ्याच्याच तेव्हाच्या प्रांतात) सिग्नल दलाचे जवान उठले. गाऱ्हाणी पगार-जेवणाची होती, स्वराज्याची नव्हेत, हा आक्षेप अर्धाच खरा : नाविकांनी आझाद हिंद सेनेच्या बंदिवानांची सुटकाही मागितली होती. बेचाळीसच्या आंदोलनाचे श्रेय याने घटत नाही; पण तसा उठाव पुन्हा झाल्यास हिंदी शिपाई गोळी झाडेलच, ही खात्री ब्रिटिशांना उरली नव्हती.