फिरत्या हौशी रेडिओ केंद्राचे स्थान-निवेदन : एका नावाचा इतिहास

फिरत्या हौशी रेडिओ केंद्राचे स्थान दूरच्या संगणकावरील नकाशात उमटविणारी ‘एपीआरएस’ पद्धती ही जीपीएस या उपग्रहीय स्थाननिश्चितीचे अपत्य होय, असा समज रूढ आहे. कालक्रम तपासला असता तो टिकत नाही.

अमेरिकी नौदलाशी संबंधित अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी १९८२ साली अ‍ॅपल-२ संगणकावर एक आज्ञावली रचली. नौदलाची लघुलहरींवरून येणारी स्थानवृत्ते नकाशावर मांडणे, एवढेच तिचे कार्य होते. १९८४ साली शंभर मैलांच्या एका अश्वशर्यतीसाठी त्यांनी तिची सुधारित आवृत्ती केली. कोणता घोडा कोठे आहे व कोणत्या स्थितीत आहे, हे कळविण्याचे काम व्हिक-२० या अवघ्या पाच किलोबाइट स्मृतीच्या घरगुती संगणकाने केले. हातात मावणारे जीपीएस यंत्र सामान्य बाजारात आले ते १९८९ साली. म्हणजे शर्यतीतील स्थाने माणसांनीच कळवावयाची होती.

मग या पद्धतीत नवे ते काय? त्या काळच्या पॅकेट रेडिओत दोन केंद्रे प्रथम परस्परांशी जोडली जात. प्रत्येक पॅकेटची पोच मिळे; न मिळाल्यास ते पुन्हा धाडले जाई. पत्रव्यवहारास ही व्यवस्था उत्तम. परंतु एकच वार्ता दहा केंद्रांना हवी असता दहा जोडण्या कराव्या लागत, आणि लहरी तर एकच! ब्रुनिंगा यांनी एएक्स.२५ या संकेतातील पोच न मागणारे पॅकेट उचलले. ही दवंडीच म्हणावयाची : ज्याला ऐकू येईल त्याने ऐकावे. एखादे पॅकेट गहाळ झाले तरी बिघडत नाही, कारण पुढचे अधिक ताजी वार्ता घेऊन येते. शिळे स्थान पुन्हा मागविण्यात अर्थ नसतो. त्यांनी पद्धतीस प्रारंभी दिलेले नाव ‘जोडणीविरहित आपत्कालीन वार्तावहन पद्धती’ असे होते. त्यात स्थानाचा उल्लेखही नाही.

१९९० नंतर जीपीएस यंत्रे स्वस्त झाली, ती मोटारींतील रेडिओस जोडली गेली, आणि एपीआरएसमधील ‘पी’ या अक्षराचा अर्थ ‘पोझिशन’ असा रूढ झाला. पुढे त्या जागी ‘पॅकेट’ हा शब्द योजण्यात आला. ही दुरुस्ती केवळ शाब्दिक नव्हती. हवामान, लघुसंदेश व आपत्तीची वृत्ते यांसाठी असलेल्या सामायिक लहरीवर, उत्तर अमेरिकेत १४४.३९ मेगाहर्ट्झवर, स्थानांची गर्दी होऊ लागली होती. बाराशे बॉड वेगाच्या त्या अरुंद वाटेवर एकच पॅकेट अनेक पुनःप्रक्षेपकांवरून फिरत राही व दुसऱ्याचा आवाज दडपी. म्हणून २००४ साली जुने मार्गसंकेत बाद करून प्रत्येक पॅकेटच्या टप्प्यांची संख्या आखून देण्याचा आग्रह धरण्यात आला. टप्प्यागणिक ती संख्या एकाने घटते. शून्यावर येताच पॅकेट पुढे जात नाही.