काट्याचा हलवा

परदेशातल्या मराठी घरांत बोरन्हाण हटकून शनिवार-रविवारी होतं आणि त्यानं रीत मोडत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करावं, ही सोय जुन्या बायकांनीच करून ठेवली आहे. काळं झबलं घालून मूल पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे ओतायचे. भोवतीच्या पोरांनी ते लुटायचं. पौषात शिवारात जे पिकलं त्यातला हा मुलांचा वाटा.

न्यू जर्सीच्या बर्फात बोरं कुठली? तिथं क्रॅनबेरी येते. चिनी दुकानातला वाळका लाल ज्यूज्यूब मिळाला तर तो निदान बोराचा चुलतभाऊ. ऑस्ट्रेलियात आणखीच गंमत. उत्तर क्वीन्सलंडमध्ये आपलं बोर रानोमाळ माजलंय, सरकारदरबारी त्याची नोंद उपद्रवी तण म्हणून आहे. आणि तिकडे मेलबर्नची मराठी आई द्राक्षांवर भागवते. मला त्यात काही वावगं दिसत नाही. जिथं राहतो तिथलं ताजं मुलांच्या डोक्यावर पडावं. चॉकलेटच्या गोळ्या मात्र कुठल्याच शेतात येत नाहीत, पुण्यातही नाहीत!

या सगळ्यात न बदलणारा जिन्नस एकच, हलवा. मुकुट, हार, बाजूबंद, वाळे, बासरी असे बाळाला घालायचे त्याचे दागिने कापसात गुंडाळून आजीच्या सामानातून निघतात आणि महिनाभरानंही तसेच राहतात. कारण हलवा म्हणजे तीळ आणि साखर, ओल जवळजवळ नाहीच.

तो करणं मात्र पेशन्सचं काम. मंद आचेवर परात, तिच्यात तीळ किंवा खसखस. साखरेचा पातळ पाक चमच्यानं थेंबथेंब सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. पाक दाण्यावर वाळला की पुढचा थेंब. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. पुट चढत चढत काही दिवसांनी दाण्याला काटा फुटतो. थोडासा उंचवटा आला की फिरताना तोच परातीला आधी लागतो, पाकही त्यालाच आधी मिळतो, म्हणून तो आणखी वाढतो. कोरड्या थंडीत काटा चांगला येतो. हलवा संक्रांतीलाच होतो तो उगाच नाही.

या काटेरी दाण्याचं गणगोत लांबवर पसरलेलं आहे. रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतातली. ती इराण-अरबस्तानातून युरोपात पोचली आणि बियांवर साखर चढवणं तिकडेही रुजलं. अफगाणिस्तानात आणि इराणात बदामावर साखर चढवलेलं नोक्ल लग्नात नवरानवरीवर उधळतात. पोर्तुगीजांकडे या खाऊला कॉन्फेइतो म्हणत. लुईश फ्रोइश नावाचा जेझुइट पाद्री 1548 साली गोव्यात आला, पुढे जपानला गेला आणि 1569 मध्ये त्यानं ओदा नोबुनागा या तिथल्या सरदाराला काचेच्या बरणीतून कॉन्फेइतो नजर केले. जपान्यांनी त्याचं कोंपेइतो केलं. 17व्या शतकातल्या सायकाकू या जपानी लेखकाच्या गोष्टीत तर नागासाकीचा एक माणूस त्याचं गुपित हुडकून काढतो: आत तीळ असतो! आज तिथं तिळाऐवजी जाड साखरेचा कण घेतात आणि कलत्या फिरत्या कढईत पंधरवडाभर पाक चढवतात. हे काटे का फुटतात यावर तेरादा तोराहिको या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानं निबंधही लिहिला.

तेव्हा टोकियोतल्या मराठी बाळाच्या बोरन्हाणाला दुकानातला कोंपेइतो खुशाल ओतावा. रंगीत असतो एवढंच. सिडनीकरांनी मात्र जपावं. तिथं जानेवारी म्हणजे दमट उन्हाळा, त्यात काळे कपडे. दागिने घामानं पाझरायला लागतात. ते ऐन वेळी घालावेत, फोटो आधी काढून घ्यावेत आणि झबलं सुती असावं.