दार नसलेल्या गावातील फसवणूक

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूरच्या जुन्या घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत. कुत्री आत शिरू नयेत म्हणून पडदा किंवा फळी लावतात, कडी-कुलूप नाही. पानसनाल्याच्या पुरात वाहून आलेल्या शनीच्या शिळेने दृष्टान्त दिला, डोक्यावर छप्पर नको म्हणून सांगितले आणि गावाची राखण पत्करली, अशी आख्यायिका आहे. चोराला शनी सोडत नाही ही श्रद्धा त्यातूनच रुजली. जानेवारी 2011 मध्ये युको बँकेने येथे शाखा उघडली, तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला. वास्तविक तिला काचेचे दार होते आणि चटकन नजरेत न भरणारे, रिमोटवर चालणारे चुंबकी कुलूपही. बँकेने श्रद्धेचा मान राखला, पण तिजोरी काही शनीवर सोपवली नाही. त्याआधीच, 2010 मध्ये, बाहेरगावच्या भाविकाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार झाली होती. 2015 मध्ये गावात पोलीस ठाणेही आले.

ही सारी राखण चोरीपासूनची. 1860 च्या भारतीय दंड संहितेने चोरी आणि फसवणूक वेगळ्या ठेवल्या: चोरीत वस्तू मालकाच्या संमतीविना उचलली जाते, फसवणुकीत खोटे सांगून ती त्याच्याच हातून काढून घेतली जाते. फसवणुकीचे जुने कलम 420 आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आले आहे. जिथे माणूस स्वतः पाकीट उघडतो, तिथे दार असले काय नि नसले काय.

शिंगणापुरातील फसवणुकीचा सर्वांत जुना परिचित चेहरा म्हणजे लटकू. राहुरी-सोनईकडून किंवा घोडेगावकडून येणारी परगावची गाडी दिसली की हे दुचाकीवरून तिच्या मागे लागतात. वाहनतळ इथेच, पुढे गाडी जात नाही, ताट घेतल्याशिवाय दर्शन नाही, असे काहीबाही सांगून गाडी ठरावीक दुकानापुढे उभी करतात. तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ, काळे कापड, नाल असे ताट समोर येते. दर मात्र पूजा झाल्यावर कळतो. लटकूला दुकानदाराकडून कमिशन मिळते. साडेसातीच्या धास्तीने आलेला माणूस देवाच्या दारात घासाघीस करत नाही, यावरच हा धंदा चालतो. पोलिसांनी वेळोवेळी कारवाया केल्या. लटकू काही दिवस दिसेनासे होतात आणि पुन्हा रस्त्यावर येतात.

मोबाइल आल्यावर भाविकाला गावापर्यंत आणण्याचीही गरज उरली नाही. देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून घरबसल्या पूजा आणि तैलाभिषेकाचे पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या, आणि 2025 मध्ये सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. इथे सोंग घेतले ते थेट संस्थेचे.

तिसरा प्रकार विश्वासघाताचा. कायद्यात त्याचे कलमही निराळे. जुलै 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले, की देवस्थानच्या कागदांवर सुमारे अडीच हजार बनावट कर्मचारी दाखवून त्यांच्या नावाचे पगार दुसरीकडे वळवले गेले. देवस्थानच्या रुग्णालयाच्या पटावर 327 कर्मचारी होते, प्रत्यक्षात मोजकेच सापडले. लटकूशी भाविक निदान वाद घालू शकतो. दानपेटीत टाकलेली नोट पुढे कुठे गेली, हे त्याला कधीच कळत नाही. असा घोटाळा पकडायला पट हातात घेऊन माणसे मोजावी लागतात, आणि धर्मादाय यंत्रणेच्या तपासणीत तेच करावे लागले.